शिकवणीचा पहिला फोन

घरी दहावीच्या गणिताची शिकवणी घेऊ लागलात, की एखाद्या आईचा फोन येणारच. मग वही-पेन जवळ असू द्या, आणि गॅसवरचा कुकर आधी उतरवा! मुलाचं बीजगणित अडतं की भूमिती, ते विचारा. राज्य मंडळाचे दोन्ही पेपर ४०-४० गुणांचे, पण रड वेगळी. शेवटच्या चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका मागवा. "नव्वदच्या वर आणाल ना?" याला मात्र हो म्हणू नका.

आणि फी? पहिल्या वेळी माझी जीभच रेटेना. "घरचंच आहे, बघू," म्हटलं; त्या बाईंनी चार महिने खरंच नुसतं बघितलं! आता आकडा, तारीख, खाड्यांचं काय, सगळं फोन ठेवण्यापूर्वीच सांगते. हे वर्तमानपत्राआडून हसतात. हसोत बापडे.