बिझनेसची भाषा ५१ चिन्हांत बसली, मग तुमचा आयटम कोड का नाही?



ज्या दुकानात एकच माल तीन नावांनी लिहिला जातो, तिथे स्टॉक कधीच जुळत नाही. यावरचा उपाय आज एका जुन्या कॉम्प्युटर भाषेकडून घेऊया. घाबरू नका, कोडिंग शिकायचं नाहीये!

भाषेचं नाव कोबोल. १९५९ मध्ये अमेरिकेत तिचं काम सुरू झालं, तेही खास धंद्याच्या हिशोबासाठी. पगार, बिलं, स्टॉक, बँकेची खाती असा सगळा पसारा. आणि १९७४ च्या स्टँडर्डमध्ये त्यासाठी चिन्हं किती? फक्त ५१!

• २६ इंग्रजी अक्षरं, ए ते झेड
• ० ते ९ हे १० अंक
• १५ खास चिन्हं: + - * / = $ , ; . " ( ) < > आणि पंधरावी रिकामी जागा

हो, रिकामी जागासुद्धा मोजलेली आहे. कारण तिने अर्थ बदलतो. कोबोलमध्ये 'स्टॉक-सेल' असं चिकटून लिहिलं तर ते एक नाव होतं. 'स्टॉक - सेल' असं जागा सोडून लिहिलं तर ती वजाबाकी होते! १९७४ च्या स्टँडर्डमध्ये नावांनाही शिस्त होती: अक्षरं, अंक आणि मधला डॅश एवढंच चालायचं. नाव जास्तीत जास्त ३० चिन्हांचं, आणि डॅश सुरुवातीला किंवा शेवटी नाही.

आता आपल्याकडे या. जीएसटीच्या बिल नंबरलाही असाच नियम आहे. जास्तीत जास्त १६ चिन्हं. त्यात अक्षरं, अंक, - आणि / एवढंच. आणि एका आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा नाही.

बिलाला शिस्त आहे, मग मालाला का नाही? समजा, तुम्ही 'चहा-२५०' लिहिलं, पोरानं 'चहा २५० ग्रॅ.' लिहिलं आणि घरच्यांनी 'चहापत्ती पाव'. आपल्याला कळतं, हे एकच. सॉफ्टवेअरला ते तीन आयटम वाटतात. एकात स्टॉक शून्य दिसला की तुम्ही ऑर्डर टाकता आणि माल तर मागच्या फळीवर पडून असतो. भांडवल अडकलं ना राव!

म्हणून आजच तीन गोष्टी ठरवा:

१. कोडमध्ये कोणती चिन्हं चालतील. माझं मत: अक्षरं, अंक आणि डॅश, बस्स.
२. क्रम एकच ठेवा: आधी माल, मग ब्रँड, मग वजन.
३. इंग्रजी 'ओ' आणि शून्य एकाच कोडमध्ये शेजारी नको. घाईत हमखास गोंधळ होतो.

नियम एका कागदावर लिहा आणि गल्ल्याजवळ चिकटवा. नवीन माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी तोच वाचायला द्या.

होमवर्क: सगळ्यात जास्त खपणारे १० आयटम घ्या, त्यांचे कोड बनवा आणि कमेंटमध्ये टाका. भेटूया पुढच्या भागात!