जुना संगणक आणि तारेवरची बोलणी

श्रमिकाच्या हाती येणारे यंत्र बहुधा दुसऱ्याने वापरून टाकलेले असते. संगणकाचेही तेच झाले. ब्रह्मपुरीसारख्या तालुक्याच्या गावी असा एखादा डॉसवर चालणारा संगणक अजूनही कपाटामागे सापडतो, आणि राइस मिलमधल्या हमालाची नोकरी किती वर्षांची, हे सांगणारी यादी कदाचित त्यातच असते. ती यादी बाहेर काढायची तर दोन यंत्रांची बोलणी घडवून आणावी लागतात. म्हणून मोडेमची विद्या जुनी झाली तरी निरुपयोगी झालेली नाही.

मोडेम म्हणजे दुभाषा. संगणकाच्या खुणांचे तो टेलिफोनच्या तारेला पेलणाऱ्या आवाजात रूपांतर करतो आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाच्या पुन्हा खुणा करतो. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते चार महानगरांत. तालुक्यातून तिथे पोचायचे तर एसटीडीच्या दराने बोलायचे; तार तुटली की पैसेही बुडाले.

तेव्हा प्रणाली निवडताना प्रथम पाहावे ते हे, की पलीकडे कोण आहे. पलीकडे मोठा संगणक असेल, तर आपल्या प्रणालीला त्याच्या ओळखीच्या व्हीटी-१०० पडद्याची नक्कल करता आली पाहिजे. फाइल न्यायची असेल, तर दोन्ही टोकांस एकच पद्धत हवी. १९७७ सालची एक्समोडेम १२८ अक्षरांचा गठ्ठा पाठवून पोचपावतीची वाट पाहते. १९८६ ची झेडमोडेम तुटलेले काम जेथे थांबले तेथून पुढे नेते. कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली जन्मलेली कर्मिट संथ खरी. पण खराब तारेवर आणि अगदी जुन्या यंत्रावरही ती टिकते. आमचा कौल कर्मिटला.

मग अटी ठरवाव्यात. वेग, अक्षरामागे किती बिट, पॅरिटी, थांब्याचे बिट: हे चारही दोन्हींकडे सारखे हवेत. करारात एका पक्षाने आठ तास लिहावे आणि दुसऱ्याने सात, तर भांडणच होणार. येथे पडद्यावर कचरा उमटतो. बहुधा आठ बिट, पॅरिटी नाही, एक थांबा, ही मांडणी चालते. ‘थांब’ आणि ‘चालू दे’ हे इशारे तारेच्या वेगळ्या धाग्यांनी द्यावेत. ते अक्षरांतून दिल्यास फाइलमधलेच एखादे अक्षर इशारा समजले जाते. जुन्या संगणकाची ८२५० चकती एका वेळी एकच अक्षर सांभाळते, १६५५० सोळा सांभाळते. म्हणून मोडेम कितीही वेगवान असो, वेग जुन्या यंत्राच्या कुवतीने ठरवावा.

परदेशी मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा डायल-स्वर ओळखू येईना, तर ‘एक्स३’ ही आज्ञा द्यावी. मग तो स्वराची वाट न पाहता नंबर फिरवतो. चकतीच्या फोनाच्या काळातील एक्स्चेंजला ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’ लागे.

आज टेलिफोनही नको. दोन संगणकांमध्ये उलटसुलट जोडलेली सिरियल केबल लावावी. नव्याला तसे तोंड नसेल तर यूएसबीचा जोड मिळतो. वेग ९६०० पासून धरावा, आधी एक लहान फाइल पाठवून पाहावी आणि जमलेल्या अटी कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवाव्यात. जाणकार माणूस गावाबाहेर गेला तरी हमालाची यादी अडू नये.