चारधामाचें गांठोडें

आजचा विषय ऐकून पुष्कळांना हंसूं येण्याचा संभव आहे. वैशाखाचें ऊन माथ्यावर तापत असतां, घराच्या भिंतीसुद्धां रात्रीं उष्ण वाफा टाकीत असतां, लोंकरीच्या कपड्यांविषयीं बोलावयास बसणें हें वेळकाळाचें भान सुटल्याचें लक्षण वाटेल. परंतु साक्री तालुक्यांतील पिंपळनेरासारख्या गांवीं नेमक्या याच दिवसांत कांहीं घरांच्या ओट्यांवर स्वेटर, कानटोप्या आणि शाली उन्हांत पसरलेल्या दिसतात. तीं घरें चारधामाला निघालेल्यांचीं असतात.

खानदेशांत अक्षय्यतृतीया म्हणजे आखाजी. सासरच्या लेकी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात. त्याच तिथीला तिकडे हिमालयांत गंगोत्री व यमुनोत्री येथील मंदिरांचीं दारें उघडतात. केदारनाथ आणि बदरीनाथ हीं त्याच्या आगेमागें उघडतात. शाळांना सुट्टी आणि शेतांत उसंत असल्यामुळें आपल्याकडील माणूस मे महिन्यांतच निघतो. निघतांना त्याच्या अंगांत ४२ अंशांची उष्णता मुरलेली असते, आणि त्या अवस्थेंत थंडीची कल्पना मनाला करवतच नाहीं. पेटी भरतांना होणाऱ्या बहुतेक चुकांचें मूळ येथेंच आहे. एक शाल घेतली, एक स्वेटर घेतला, झालें! उन्हाळ्याचेच तर दिवस आहेत.

म्हणून कल्पनेवर न विसंबतां थोडा हिशेब करावा. उंची वाढली कीं हवा थंड होते. साधारण मान असें कीं, १,००० मीटर चढलें म्हणजे सुमारें साडेसहा अंश उष्णता उतरते. धुळें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २५० मीटरांवर, तर केदारनाथ ३,५८३ मीटरांवर. केवळ उंचीपोटीं एकवीस-बावीस अंशांचा फरक झाला. धुळ्यास ४२ असतां या हिशेबानें केदारनाथास २० असावयास हवें, आणि २० अंश म्हणजे आपल्याला सुखच. पण हिशेब एवढ्यावर संपत नाहीं. तो प्रदेश आपल्याहून बराच उत्तरेस. भोंवतालच्या शिखरांवर बर्फ. दुपारनंतर ढग सूर्य झांकून टाकतात. आणि विरळ हवेंत जमिनीची उष्णता रात्रीं झपाट्यानें निघून जाते. त्यामुळें मे महिन्यांतहि तेथें रात्रीं पारा शून्याच्या आसपास उतरतो, कधीं त्याच्याहि खालीं जातो. आणि मे महिन्यांत बर्फ पडणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे.

बरें, ही थंडी एकसारखी असती तरी निभलें असतें. तशी ती नाहीं. सकाळीं आकाश निरभ्र असतें आणि विरळ हवेंतील ऊन चटके देतें. दरींतील हवा तापून डोंगराच्या अंगानें वर चढते, थंड होते, आणि दुपारीं त्याच हवेचे ढग होऊन पाऊस किंवा गारा कोसळतात. त्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारे पश्चिमी विक्षोभ येऊन मिळाले कीं दोन-तीन दिवस उघाड मिळत नाहीं. जूनच्या उत्तरार्धांत मोसमी पाऊस पोंचतो, मग तर बोलावयासच नको. आतां गौरीकुंडाहून केदारनाथास पायीं जाणाऱ्याची स्थिति पाहा. वाट सुमारें १६ किलोमीटरांची आणि चढ सुमारें १,६०० मीटरांचा. सकाळीं चढतांना तो घामानें भिजतो, दुपारीं पावसानें भिजतो, आणि सूर्य मावळतांना, वारा सुटतांना, थकून वर पोंचतो. थंडीशीं गांठ पडते ती अशा ओल्या आणि दमलेल्या अंगानें.

हा ओलेपणा नीट समजला पाहिजे, कारण सारें येथेंच आहे. कपडा स्वतः ऊब देत नाहीं. ऊब शरीराचीच असते. कपडा करतो एवढेंच कीं, धाग्याधाग्यांच्या मध्यें हवा कोंडून ठेवतो, आणि ती स्थिर हवा अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. कपडा भिजला म्हणजे त्या हवेची जागा पाणी घेतें. आणि हवेच्या मानानें पाणी उष्णता सुमारें पंचवीस पटींनीं अधिक वाहून नेतें. महागडा कोट भिजला तर त्याची किंमत उरत नाहीं, आणि साधा स्वेटर कोरडा असेल तर त्याला तोड नाहीं.

कपाशीवर जगलेल्या खानदेशांत कापसाविरुद्ध बोलणें जिवावर येतें, पण येथें बोललेंच पाहिजे. आपल्या उन्हाळ्यांत सुती कपड्यासारखा कपडा नाहीं. तो घाम शोषतो, तो घाम वाळतांना अंगाची उष्णता घेऊन जातो, आणि आपल्याला गार वाटतें. हाच गुण डोंगरावर दोष होतो. चढणीवर भिजलेलें सुती बनियन त्या दमट हवेंत तासन् तास वाळत नाहीं व छातीशीं चिकटून सारखी उष्णता ओढीत राहतें. उलट लोंकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटांत घेऊनहि हाताला फारशी ओली लागत नाहीं, आणि तिचे कुरळे तंतु भिजल्यावरहि चपटे पडत नाहींत. पॉलिएस्टर तर पाणी जवळजवळ पीतच नाहीं. तेव्हां मुलांच्या खेळाचा म्हणून बाजारांत जो स्वस्त, सुळसुळीत सदरा मिळतो, ज्याला आपण मे महिन्यांत घरीं नांवें ठेवतों, तोच येथें अंगालगत घालावा. त्यावर लोंकरीचा स्वेटर. आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडविणारें कांहीं तरी. एका जाड कोटापेक्षां दोन पातळ स्वेटर केव्हांहि बरे: दोहोंच्या मध्यें हवेचा आणखी एक थर मिळतो, शिवाय चढतांना एक काढतां येतो. घाम फुटण्याआधींच तो काढावा आणि विसाव्यास बसतांक्षणींच पुन्हां घालावा. बहुतेक माणसें नेमकें उलट करतात.

खर्चाच्या बाबतींत मात्र आपल्या लोकांनीं धास्तावून जाण्याचें कारण नाहीं. पिंपळनेर हें सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूस, पांझरा नदीच्या वरच्या भागांत वसलेलें. आणि धुळें जिल्ह्याची थंडी उन्हाळ्याइतकीच कडक असते. पौषांत लाट आली कीं पारा एक आंकडी होतो. म्हणजे वैशाखांतील केदारनाथची संध्याकाळ आपल्या पौषांतल्या पहांटेहून फार निराळी नव्हे, आणि त्या पहांटेची तजवीज घरोघरीं पेटींत निजलेली आहे. स्वेटर, मफलर, कानटोपी, शाल, कोणा एकाचें जाकीट: हें विकत आणावयाचें नसून पेटींतून काढावयाचें आहे. जें नसेल तें दिराकडून, मावसबहिणीकडून दहा दिवसांसाठीं मागून घ्यावें. यात्रेसाठीं मागितलेली वस्तु कोणी नाहीं म्हणत नाहीं. याच साक्री तालुक्यांतले ठेलारी मेंढपाळ पावसाच्या झडींत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन रानांत तासन् तास उभे राहतात, त्यांतलें तत्त्वहि लोंकरीचेंच. तरीपण घोंगडी बरोबर नेऊं नये असें मी म्हणेन. भिजली कीं ती उचलवत नाहीं, आणि निवाऱ्याच्या ठिकाणीं पांघरूण मिळतें.

पैसे खर्चावयाचे ते दोनच ठिकाणीं: पावसाचा कपडा आणि जोडा. छत्री डोंगरातील वाऱ्यांत उलटते आणि अरुंद वाटेवर खेंचरांच्या गर्दींत अडचण करते. वाटेवर पाऊस सुरू झाल्यावर घाईनें घेतलेला पातळ प्लास्टिकचा झगा फार वेळ टिकत नाहीं. मोटरसायकलवर बसणाऱ्यांसाठीं विजार व कोट असा वेगवेगळा रेनकोट मिळतो, तो घ्यावा. पुढें चार पावसाळे घरांत उपयोगीं पडतो. जोडा मात्र जाण्याच्या आदल्या आठवड्यांत घेऊं नये. तो महिना दीड महिना पायांत खेळलेला असावा, तळ खरबरीत असावा, आणि जाड मोजा घालूनहि बोटें हलतील इतका सैल असावा. घट्ट जोड्यांत रक्त फिरत नाहीं व पाय अधिकच गारठतात. लोंकरीचे कपडे घेणेंच झाले तर तेहि आतां नव्हे, माघ-फाल्गुनांत घ्यावे. थंडीचा हंगाम सरतांना विक्रेत्यांना माल परत नेण्यापेक्षां उतरत्या भावानें देणें परवडतें.

आतां भगिनींसाठीं दोन शब्द, कारण या बाबतींत पुरुषांपेक्षां त्यांची पंचाईत अधिक. नऊवारी लुगडें चालावयास चांगलें; कांसोट्यामुळें पाय मोकळे पडतात. पण सुती नऊवारीच्या घड्या एकदां भिजल्या कीं दिवसभर वाळत नाहींत, आणि सहावारीचा ओला काठ चढणीवर पोटऱ्यांना आपटत राहतो. पंजाबी पोशाख किंवा विजार हा त्यावर सरळ उपाय. मुली-सुनांना त्याची संवयहि असते. परंतु ज्या आजीबाईंनीं जन्मांत लुगड्यावांचून दुसरें कांहीं नेसलें नाहीं, त्यांना देवाच्या वाटेवर वेष बदलावयास लावणें मला बरें वाटत नाहीं. त्यांनीं कृत्रिम धाग्याचें हलकें लुगडें नेसावें, आंत लोंकरीची घट्ट विजार घालावी आणि लुगडें घोट्याच्या वर खोंचावें. शालीला चार ठिकाणीं मोठ्या टांचण्या लावाव्या. वाऱ्यावर शाल सांवरण्यांत हात गुंतलेले असले तर काठी कोण धरणार?

हरिद्वार अवघ्या ३१४ मीटरांवर आहे. तेथपर्यंतची काहिली आपल्याच ओळखीची, आणि परततांनाहि तीच. म्हणून गांठोडें एक नको, दोन असावीं. जळगांव-भुसावळाहून गाडींत बसल्यापासून लागणारे सुती कपडे मोठ्या पिशवींत. ती खालीं मुक्कामाच्या ठिकाणीं ठेवून द्यावी. वर न्यावयाची लहान पिशवी तीन-चार किलोंहून जड नसावी. तींत एक पूर्ण कोरडा जोड, दोन जोड मोजे, हातमोजे, कानटोपी, औषधें. प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवींत, तोंड घट्ट बांधून. हा कोरडा जोड वाटेंत कितीहि गारठलें तरी काढूं नये. तो वर पोंचल्यावर, छपराखालीं, ओलें सगळें उतरल्यानंतरचा आहे. एक लोंकरीचा मोज्यांचा जोड देवळासाठीं निराळा ठेवावा. जोडा बाहेर राहतो आणि दर्शनाच्या रांगेंत गार फरशीवर उभें राहावें लागतें, हें निघतांना कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

पिशवींतील या एका कोरड्या जोडावर एवढा भर कां, असें कोणी विचारील. २०१३ सालच्या जून महिन्यांत मोसमी पाऊस नेहमीच्या आधींच उत्तराखंडावर पोंचला. त्याची पश्चिमी विक्षोभाशीं गांठ पडली, आणि १६ व १७ जूनला केदारनाथच्या खोऱ्यांत प्रलय झाला. हजारों माणसें गेलीं. त्यांत पाण्यानें नेलेलीं होतीं तशीं, पाण्यापासून वांचून डोंगरावर चढलेलीं आणि तेथें थंडी, भूक व पाऊस यांनीं दगावलेलींहि होतीं. असा प्रलय नित्याचा नव्हे, आणि त्यापुढें कपड्यांची मातबरी ती काय? पण दरड कोसळून वाट चार-सहा तास अडणें हें मात्र दर वर्षाचें आहे, आणि तेवढे तास ओल्या अंगानें काढणें साठी ओलांडलेल्या माणसाला सोपें नाहीं.

बरोबरच्या वडील माणसाला हुडहुडी भरली, बोलणें अडखळूं लागलें, हातानें गुंडी लावतां येईना, तर पुढें रेटूं नये. आडोशाला नेऊन ओले कपडे उतरावे, अंग पुसावें, कोरडे घालावे, डोकें व मान झांकावी. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळूं नयेत, मद्य देऊं नये. मद्यानें कातडीला ऊब वाटते, पण आंतली ऊब बाहेर पडते. अंग गारच असतां हुडहुडी थांबली तर तें बरें होण्याचें नव्हे, बिघडण्याचें चिन्ह आहे. तेथून वैद्यकीय मदतीशिवाय चालणार नाहीं. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनीं निघण्यापूर्वींच डॉक्टरांना विचारावें, कारण विरळ हवेवर कोणत्याहि स्वेटरचा इलाज नाहीं.

परत आल्यावर लोंकरीचे कपडे ओलसर पेटींत टाकूं नयेत. थंड पाण्यांत हलक्या हातानें धुवून, न पिळतां, सांवलींत आडवे पसरून वाळवावे आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यांत बांधून ठेवावे. मागून आणलेले असतील तर धुतल्याशिवाय परत देऊं नयेत. त्यांची गरज त्या घरीं मार्गशीर्षांत लागावयाची आहे.