पिवळे डोळे, ठणठणीत लिव्हर!

सबमिशनच्या दिवसांत मेस बुडवून, रात्र रात्र जागून कोणाचे डोळे पिवळे दिसले, की होस्टेलवर एकच शब्द फिरतो – कावीळ! मग पाण्याच्या टाकीवर संशय, रूममेटचं ताट वेगळं आणि गावाकडून काविळीची माळ. ही भीती उगीच नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसं दगावली.

पण प्रत्येक पिवळा डोळा म्हणजे संसर्ग नव्हे. एक कारण जन्मापासून आपल्या जीन्समध्येच असतं, गिल्बर्ट सिंड्रोम. १९०१ मध्ये ऑगस्टिन गिल्बर्ट या फ्रेंच डॉक्टरांनी सहकाऱ्यासोबत त्याचं वर्णन केलं.

आपल्या लाल रक्तपेशी साधारण १२० दिवसांनी मोडीत निघतात. त्यातून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि मग तो पित्तावाटे बाहेर पडतो. गिल्बर्टमध्ये हे एन्झाइम साधारण ३० टक्केच काम करतं. एरवी तेवढं पुरतं. पण उपास, जागरण, ताप किंवा जबर व्यायाम झाला की पिवळेपणा वर येतो. बहुतेकांना हे वयात आल्यावरच कळतं.

मग ओळखायचं कसं? रिपोर्टमध्ये फक्त टोटल बिलिरुबिन बघून घाबरू नका. त्यातून डायरेक्ट वजा केलं की इनडायरेक्ट मिळतं. गिल्बर्टमध्ये हे इनडायरेक्टच वाढलेलं असतं आणि टोटल बहुधा ३ च्या आतच राहतं. एसजीपीटी, एसजीओटी नॉर्मल असतात. रक्तपेशी जास्त फुटत नाहीत ना, हे सीबीसी आणि रेटिक्युलोसाइट काउंटवरून डॉक्टर बघतात. काही महिन्यांनी पुन्हा तपासून तेच चित्र दिसलं, की निदान पक्कं. जीन टेस्ट क्वचितच लागते.

औषध? काहीच नाही! नीट जेवलं, झोपलं की पिवळेपणा आपोआप उतरतो. श्रेय मात्र माळेला मिळतं. धोका इथेच आहे. पुढच्या वेळी खरी कावीळ असली, तर माळेच्या भरवशावर दिवस वाया जातात. ताप, उलट्या, गडद लघवी असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठा. आणि निदान गिल्बर्टचं निघालं, तर नवीन औषध घेताना डॉक्टरांना ते जरूर सांगा.

बाकी तांबडा-पांढरा सोडायची गरज नाही. मेस तेवढी बुडवू नका!