बाणाचे पीस : चिकटपट्टीने लावावे की गमने?



तिरंदाजी हा राजेरजवाड्यांचा खेळ, असे म्हणायचे दिवस कधीच सरले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतासाठी खेळला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातल्या शेरेवाडीची, शिक्षकाची मुलगी अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. अंतिम फेरीत तिचे गुण होते १५० पैकी १४९. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघांनीही साताऱ्यात, उसाच्या रानांना लागून असलेल्या मैदानावर, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली धडे घेतले.

तेव्हा आपल्या श्रीगोंदा तालुक्यात एखाद्या लिंबाच्या बागाईतदाराच्या घरी उद्या मुलगी म्हणाली, "अप्पा, मला धनुष्य पाहिजे," तर त्यात नवल काहीच नाही. धनुष्य एकदाच घ्यावे लागते, पण बाणाची डागडुजी नित्याची असते. तिच्यात पहिला नंबर पिसांचा. एक बाण दुसऱ्याला घासला, किंवा लक्ष्यात खोलवर रुतला, की पीस सुटते. ते बसवून देणारा माणूस तालुक्याच्या गावी भेटेलच असे नाही. मग काम घरीच करावे लागते, आणि घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो चिकटपट्टी लाव, दुसरा म्हणतो गम लाव. या वादाचा निकाल पीस कशाचे आहे, यावर लागतो.

पिसाचे काम काय?

पतंगाला शेपूट का लावतात, ते आपल्याला ठाऊक आहे. बाणाचे पीस तेच काम करते. ते हवेला अडते, म्हणून बाणाचा मागचा भाग मागेच राहतो आणि टोक पुढे. पीस जरा तिरपे बसवले की बाण भोवऱ्यासारखा गरगरत जातो आणि वाट सोडत नाही. साधारणपणे एका बाणाला सारख्या अंतरावर तीन पिसे असतात. एकाचा रंग वेगळा ठेवतात, म्हणजे बाण दोरीला कसा लावायचा हे चटकन कळते.

ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे एखाद्या बशीएवढे. तीनपैकी एक पीस अर्धे उचकटले तरी बाण डुलतो आणि बाजूला जातो. पोर मात्र आपल्याच हाताला दोष देते, नेम बदलून पाहते, आणि चांगली बसलेली सवय मोडून टाकते. दोन रुपयांच्या गमची कसर महिन्याच्या मेहनतीला अशी भोवते.

गमची बाजू

गम आणि दोरा ही फार जुनी जोडी आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या हद्दीवर, बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्याच्या भात्यात १४ बाण होते, पण पुरे झालेले दोनच. त्या दोन बाणांची पिसे भूर्ज झाडाच्या सालीपासून काढलेल्या डांबराने चिकटवून वरून बारीक दोऱ्याने गुंडाळलेली होती. कलम बांधताना आपण पट्टी घट्ट आवळतो, तशीच ही काळजी.

लाकडी किंवा बांबूच्या बाणाला खरे पीस लावायचे असेल तर आजही गमच लावावा. साध्या धनुष्यावर बाण धनुष्याला घासत जातो. खरे पीस तेथे दबते आणि पुन्हा उभे राहते. या घासण्याला टिकेल अशी पकड गमच देतो. कंपाउंड धनुष्याच्या बाणांना जाड प्लॅस्टिकची पिसे असतात, त्यांना 'व्हेन' म्हणतात. त्यांनाही गमच बरा.

गमचा तोटा म्हणजे वेळ. सावकाश वाळणाऱ्या गमला साच्यात एका पिसामागे पंधरा मिनिटे धरली, तर एका बाणाला पाऊण तास आणि एका साच्यावर डझनभर बाणांना नऊ तास लागतात. झटपट चिकटणारा गम सेकंदांत धरतो, पण पीस वाकडे बसले तर सुधारायला सवड देत नाही.

चिकटपट्टीची बाजू

ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्याच्या बाणांना पातळ, वळलेली, कागदासारखी हलकी पिसे असतात. त्यांना 'स्पिन व्हेन' म्हणतात. ती दुहेरी चिकटपट्टीनेच लावतात. पट्टी कांडीवर दाबायची, वरचा कागद सोलायचा, पीस टेकवायचे, की झाले. स्पर्धा चालू असताना पीस सुटले तरी दोन-चार मिनिटांत नवे लागते. जुने काढणेही सोपे.

मात्र पट्टीला धूळ, दव आणि ऊन सोसत नाही. आपल्याकडे नांगरटीच्या दिवसांत धूळ उडते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या डिकीत बाण राहिले, तर पट्टीचा चिकटपणा मऊ होऊन पिसे सरकतात. म्हणून बाण सावलीत ठेवावेत, आणि पिसाच्या दोन्ही टोकांवर पट्टीचा बारीक वेढा द्यावा. पुढच्या टोकाला गमचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंबही चालतो. वारा आत शिरतो तो पुढच्या टोकानेच.

लावण्याची रीत

१. जुना गम बोथट सुरीने हळूच खरवडा. धारदार पाते कार्बनच्या कांडीत शिरले तर कांडीच कामातून जाते.

२. कांडी स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या. नंतर त्या जागी बोट लावू नका. हाताचे तेल लागले की गमही धरत नाही आणि पट्टीही. सुटणाऱ्या पिसांचे हेच मोठे कारण.

३. एका बाणाला तिन्ही पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या-उजव्याची सरमिसळ झाली तर बाण सरळ जात नाही.

४. दोरी बसते त्या खाचेपासून सुमारे अडीच सेंटिमीटर जागा सोडा, म्हणजे पिसे बोटांना लागणार नाहीत. डझनभर बाणांना हे अंतर एकच ठेवा.

५. गमची रेघ बारीक ओढा. बाहेर ओघळलेला गम वजन वाढवतो आणि पकड वाढवत नाही.

६. फर्निचरचा पांढरा गम कार्बनच्या गुळगुळीत कांडीवर धरत नाही. तो वापरू नका.

पिसे टर्की पक्ष्याची तयार मिळतात. त्यांच्यासाठी मोराला किंवा रानातल्या कोणत्याही पाखराला हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराच्या शिकारीला बंदी आहे.

एवढे कटाक्षाने पाळा

झटपट चिकटणारा गम सुती चिंधीने पुसू नका. सुताला लागताच तो एकदम तापतो आणि चटका बसतो. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर डोळा न चोळता तडक दवाखाना गाठा.

पीस लावण्याआधी बाण तपासा. कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवा आणि कानाशी न्या. करकर ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो बाण मोडून टाका. पीस नवे लावले म्हणून कांडी नवी होत नाही. असा बाण दोरी सोडताच फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

आणि शेवटचे, पण सर्वांत मोठे. उभ्या उसाच्या दिशेने कधीही बाण सोडू देऊ नका. फडात पाणी धरणारा गडी असतो, ऊसतोडीच्या दिवसांत मजुरांची लेकरे असतात, आणि बाहेरून कोणीच दिसत नाही. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध असावा आणि शेजारी एक मोठे माणूस उभे असावे.

थोडक्यात सांगायचे, तर खऱ्या पिसाला आणि जाड व्हेनला गम, पातळ वळलेल्या पिसाला चिकटपट्टी, आणि दोन्हींच्या आधी स्वच्छ कांडी. रविवारी दुपारी सावलीत बसून मुलांबरोबर सहा बाण करा. पिसे कोणत्या बाजूची आहेत आणि अंतर सारखे आहे का, हे त्यांनाच मोजू द्या. आपला बाण आपण दुरुस्त करायला शिकलेले मूल बाण चुकला तर आधी पीस तपासते, मग हात.