रहीम साब आणि जुन्या हैदराबादचा फुटबॉल

निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे. १९८२ पूर्वी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदरमध्ये, म्हणजे हैदराबाद राज्यात. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, मोठ्या शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे. त्या हैदराबादविषयी आपल्याकडे लिहिले गेले ते मुख्यतः १९३८ची वंदे मातरम् चळवळ, रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८ यांच्या अंगाने. ते लिहायलाच हवे होते. पण त्याच उस्मानियाकडून फुटबॉल खेळलेल्या एका शाळामास्तराने पुढे भारताला आशियाचे सुवर्णपदक दोनदा मिळवून दिले, आणि मराठवाड्याला तो आपला वाटत नाही, ही गोष्ट मला बोचते. सय्यद अब्दुल रहीम त्या जुन्या राज्यातल्या प्रत्येक तालुक्याचे होते, निलंग्याचेही.

जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. काचीगुडा, चादरघाट इथल्या शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले. १९४३मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. लोक त्यांना ‘रहीम साब’ म्हणत. खेळाडू म्हणून ते फार गाजले नाहीत. त्यांचे खरे बळ मास्तरकीत होते. पोराचे कुठे अडते हे ओळखायचे आणि तेवढ्यावरच त्याला घोटून घ्यायचे, ही वर्गातली रीत त्यांनी मैदानात आणली.

चेंडू पायाशी घोळवत बसायचे नाही, आला की लगेच पुढे द्यायचा, एवढ्याच नियमावर ते स्पर्धा भरवत. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने खेळायची मुभा. उजवा पाय चालणाऱ्या पोराला तास-दीड तास सगळे काही डाव्याने करावे लागले, तर आधी त्याची फजिती होते, चेंडू भलतीकडे जातो, मग हळूहळू पाय ऐकू लागतो. आजच्या अकादम्यांत हेच महागड्या शिबिरांतून शिकवले जाते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा तुळशीदास बलराम त्यांच्या नजरेत भरला, पण रोज हैदराबादला सरावाला यायला त्याच्याकडे साधन नव्हते. रहीम साबांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले. तोच बलराम मेलबर्न आणि रोमच्या ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला.

मुंबईकरांना हे हैदराबाद चांगलेच ठाऊक होते. १८९१पासूनचा रोव्हर्स कप कूपरेजवर रंगायचा आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. १९५१मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० हरवून सुवर्ण घेतले, तेव्हाही प्रशिक्षक रहीमच.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मात्र दाणादाण उडाली. थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले. आपला एकच. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात २-० हरवून हंगेरीने सुवर्ण जिंकले.

त्या हंगेरीच्या खेळामागे एक इंग्रज मास्तर होता. जिमी होगन, जन्म १८८२, लँकेशरमधले नेल्सन. बर्नली, फुलहॅम, बोल्टन अशा संघांतून तो खेळला. गोल का हुकला याचे कारण तो विचारत राही आणि ‘मारत राहा, कधीतरी बसेल’ अशा थाटाच्या उत्तराने त्याचे समाधान होत नसे. १९१०मध्ये तो हॉलंडला शिकवायला गेला, मग व्हिएन्नाला. पहिले महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अडकला. त्या काळात त्याने बुडापेस्टच्या एमटीके संघाला चेंडू जमिनीवर ठेवून, आखूड पास देत खेळायला शिकवले. मायदेशी त्याची किंमत उशिरा कळली. २५ नोव्हेंबर १९५३ला हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ धुतले, तेव्हा विजेत्यांनी श्रेय दिले ते होगनला. एकाहत्तर वर्षांचा होगन त्या दिवशी प्रेक्षकांत बसला होता.

होगन आणि रहीम यांची गाठ कधी पडल्याचे मी वाचलेले नाही. पण हंगेरीची खूण असलेला, मागे सरकून खेळणारा सेंटर फॉरवर्ड रहीम यांच्या संघातही दिसू लागला. जमिनीवरचा चेंडू, झटपट पास, दोन्ही पाय तयार: नेल्सनच्या मास्तराने बुडापेस्टला जे दिले, तेच हैदराबादचा मास्तर आपल्या पोरांना देत होता. १९५६मध्ये मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले. त्यांतले तीन गोल मूळ गोव्याच्या आणि मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला.

१९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेपर्यंत रहीम यांना कर्करोगाने पोखरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-०ने हरवले. मग थायलंड, जपान, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम, आणि ४ सप्टेंबरला पुन्हा कोरिया. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी बोलले होते, म्हणून लाखभर प्रेक्षक आपल्यावर चिडलेले. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. रहीम यांनी त्यालाच आघाडीला घातले. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, जर्नेलने दुसरा. २-१. अंतिम सामन्यातल्या अकरा जणांत फोर्तुनातो फ्रँको हाही गोव्याचा, टाटांचाच.

११ जून १९६३ला रहीम गेले. वय त्रेपन्न. मुलगा सय्यद शाहिद हकीम १९६०च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात होता, पुढे प्रशिक्षक आणि पंच झाला. १९७०मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे कांस्य मिळाले, तेव्हा कर्णधार होता हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन आणि प्रशिक्षकांत होते रहीम साबांचेच शिष्य पी. के. बॅनर्जी. आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुषांना त्यानंतर फुटबॉलचे एकही पदक मिळालेले नाही.