लिहिणारा मी कोण?

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीने माझ्या हातात चिठ्ठी दिली होती. 'सर, लिहायला बसते आणि वाटतं, मी कोण लिहिणारी?' आजचं बोलणं त्या चिठ्ठीवर.

तत्त्वज्ञानात आम्ही संशयाला मान देतो. देकार्तने तर सुरुवातच तिथून केली. पण तो संशय विधानावर होता: हे खरं कशावरून? चिठ्ठीतला संशय विधान करणाऱ्यावर आहे. पहिला वाक्य सुधारतो, दुसरा वाक्य लिहूच देत नाही. आणि हा दुसरा पुष्कळदा आपला नसतोच. कुणीतरी तो आपल्या पदरात टाकलेला असतो.

आपल्याच शहरातलं पाहा ना. 1950 मध्ये बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशी कितीतरी मुलं नागसेनवनात शिकू लागली. सांगण्यासारखं उदंड होतं. पण आपल्या वस्तीतली भाषा छापतात, हे त्यांनी वाचणार तरी कुठे? साठच्या दशकात गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' त्रैमासिक काढलं, पुढे लेखक-वाचक मेळावे भरवले. 'आत्मविश्वास बाळगा' या उपदेशापेक्षा छापून आलेलं एक पान जास्त काम करतं, असं माझं मत आहे.

आणि 1978 चं 'बलुतं' घ्या. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच! कवी म्हणून नावारूपाला आलेला दया आणि मागे राहिलेला दगडू. मला त्यात मोठी युक्ती दिसते: ज्या 'मी'ची लाज वाटावी अशी व्यवस्था होती, त्यालाच त्यांनी बोलायला बसवलं.

माझं सांगतो. प्रबंध लिहिला तेव्हा सगळीकडे 'प्रस्तुत संशोधक'. 'मी' एकदाही नाही. विनय कसला, भीती होती ती. आई गेल्यावर तिच्याबद्दल लिहायला बसलो, तर पहिलीच ओळ 'मातृत्वाचे अधिष्ठान' अशी काहीतरी आली. खोडली. मग लिहिलं, 'आई माझा चहा बशीत निववून द्यायची.' खरं आहे का, म्हणून बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "बशी कुठली रे दादा, आपल्याकडे वाटी होती."

वाटी लिहिलं, आणि पुढचं वाक्य सुचलं.